आमची वाटचाल: हीटरकडून फटींकडे

घरापासून सुटी उभी असलेली, थंडीत गारठणारी वर्कशॉप उबदार करून देणे हे आमचे काम. सुरुवात हीटर विकण्यापासून झाली. आता हीटर आमच्या कामात सर्वांत शेवटी येतो, आणि पूर्वीपेक्षा बराच लहान असतो.

हा क्रम हिशेबाने उलटला. ६ बाय ८ मीटरची, ३ मीटर उंच शेड धरा. बाहेर उणे १०, आत १५ अंश हवेत. नुसता पत्रा असेल तर भिंती आणि छपरातूनच तासाला सुमारे १८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता निघून जाते. भिंतीत १०० आणि छपरात १५० मिमी ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरले की जमीन, दारे आणि हवा धरूनही गळती साडेतीन युनिटांच्या आत येते. मात्र त्यासाठी आतली हवा तासाला एकदाच बदलली पाहिजे. ती तीनदा बदलली, तर नुसत्या फटींतूनच साडेतीन युनिट जातात. लोक जाडीवर भांडतात आणि शटरखालची बोटभर फट तशीच ठेवतात!

म्हणून आधी फटी. पन्हळी पत्रा भिंतीला टेकतो तिथे लाटांच्या आकाराची फोमची पट्टी, दाराला रबर, शटरला ब्रश. गुंडाळायचे शटर कधीच नीट बंद होत नाही. जमेल तिथे आम्ही ते काढून फोम भरलेले बिजागरीचे दार सुचवतो.

त्यानंतर बाष्प. आतली दमट हवा ग्लासवूलमधून गार पत्र्यापर्यंत पोचली की पत्र्याला घाम सुटतो, वूल भिजते, खाली बसते आणि निकामी होते. त्यामुळे २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद नेहमी वूलच्या आतल्या, म्हणजे उबदार बाजूला. जोडावर १५० मिमी चढवून टेप लावायची. स्विचबोर्डासाठी पाडलेली भोके विसरली जातात. ओल नेमकी तिथूनच शिरते. छपराच्या पत्र्याखाली ५० मिमी पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवतो, म्हणजे चुकून गेलेली ओल वाऱ्याने सुकते.

वूल दाबून बसवू नये: १०० मिमीचे ७५ मध्ये कोंबले तर त्याची उष्णता अडवण्याची क्षमता घटते. सांगाड्याचे लोखंडी चॅनेल उष्णता थेट बाहेर नेतात, म्हणून त्यांच्यावरून आतून सलग २५ ते ५० मिमी कडक फोमशीट. तो उघडा ठेवायचा नाही. वेल्डिंगची एक ठिणगी पुरते. वर जिप्सम बोर्ड हवाच.

धुराडे नसलेला गॅस हीटर आम्ही बंद केला. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन खोलीतच राहते आणि गार मशीनच्या बेडवर दव बनून बसते. सकाळी गंज. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. लाकडाचा भुसा किंवा रंगकाम असेल तिथे उघडी ज्योतही नको. हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा बंदिस्त हीटर, नाहीतर हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारे, उलट्या एसीसारखे यंत्र.

रोज काम असेल तर वर सांगितलेल्या शेडला ४ किलोवॅट पुरतात. फक्त सुटीच्या दिवशी वापर असेल, तर गारठलेले लोखंड आणि फरशी तापवायला ६ तरी लागतील. आमचा सल्ला मात्र एरवीही आत ५ ते ८ अंश राखण्याचा. डिंक आणि रंग गोठत नाहीत, मशीनलाही घाम येत नाही. विजेवरचा हीटर असल्यास त्याला स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी. एक्स्टेंशन बोर्डावर लावलेला हीटर दिसला, तर बाकी काम थांबवून आम्ही आधी तो काढतो.