सासवडची पाटी: नाव मोठं, बाकी सगळं बारीक

मामाच्या कट्ट्यावरच्या मंडळींनी डोक्यात घेतलंय की सासवडला सगळ्या बाजूंनी नीट स्वागताच्या पाट्या पाहिजेत, आणि नगरपरिषदेला प्रस्ताव द्यायचा तो चित्रांसकट द्यायचा. मग पुण्यात डिझाइनचं काम करणारी भाची सापडली, तीही फुकट. मी पण हो म्हटलं, कारण पुण्याहून दिवे घाट चढून वर आलं की प्लॉटिंगवाल्यांची होर्डिंग्ज सुरू होतात, त्यावर सगळीकडे सासवड सासवड लिहिलेलं आणि खरं सासवड अजून लांब, मधल्या झेंडेवाडी आणि दिवे गावांना कोणी विचारतच नाही.

पहिल्या मीटिंगला सगळ्यांना कमानच हवी होती. पुरंदरे वाड्याच्या दरवाजासारखी, बुरुजबिरुज. वाडा भारीच आहे, त्याबद्दल वादच नाही, पण रस्त्यावर आडवी कमान टाकायची तर खाली निदान साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते, त्यात हा रस्ता आता पालखी महामार्ग, एनएच ९६५, म्हणजे परवानग्या हायवेवाल्यांच्या. आणि एवढं सगळं करून गावाचं नाव कुठे, तर पार वर, दोन बुरुजांच्या मधे, बारीक. माझं म्हणणं एकच होतं, पाटीचं काम नाव सांगणं. गाडीतल्या माणसाला ते वाचता आलं नाही तर बुरुज चाटायचेत का!

हिशोब सोपा आहे. ताशी ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. वाचायला चार सेकंद धरले तर ६५-७० मीटरवरून, म्हणजे सव्वादोनशे फुटांवरून अक्षर कळलं पाहिजे. अमेरिकेतल्या रस्त्यांच्या नियमावलीत अक्षराच्या उंचीच्या एका इंचाला ३० फूट अंतर असं गणित आहे, त्याने सात-साडेसात इंच येतात, पण ते इंग्रजी अक्षरांचं. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे मूळ अक्षराला उरलेली जागाच कमी, म्हणून मी डोळे मिटून दुप्पट धरते. आता जेजुरी घ्या, वर मात्रा, खाली उकार, परत वेलांटी. आळंदीला अनुस्वार. आणि सासवड? वर काही नाही खाली काही नाही, चारही अक्षरं गपगुमान शिरोरेघेखाली. पाटी करणाऱ्याला लॉटरीच!

फक्त तो ‘व’ त्रास देतो. रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे उजेड परतवणाऱ्या शीटवर रात्री हेडलाइट पडला की फिकट अक्षर फुगल्यासारखं दिसतं, ‘व’चं पोट बुजतं आणि लांबून तो ‘ब’ वाटायला लागतो. सासबड! म्हणून जाडजूड बोल्ड फॉन्ट मंडळींना कितीही आवडला तरी नको, रेघ थोडी बारीक आणि पोट मोकळं. ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ ही ओळ मी काढूनच टाकली, नुसतं ‘स्वागत’, तेही लहान.

यावर मामा चिडला. ‘‘अगं, माऊलींची पालखी दोन मुक्काम करते आपल्याकडे, सोपानकाकांची समाधी इथे, अत्रे इथले, आणि तू नुसतं नाव लिहून मोकळी?’’ मुद्दा बरोबर होता त्याचा. पण हे सगळं एका पाटीवर कोंबलं की काहीच वाचून होत नाही. मग असं ठरवलं की नाव, रंग, साइज सगळीकडे तेच आणि प्रत्येक रस्त्याला चित्र वेगळं. दिवे घाटाकडून येणाऱ्याला पताका, कारण पालखी तिकडूनच येते. बोपदेव घाटाकडून पुण्यातली बाईकवाली पोरं येतात, त्यांना कापलेलं अंजीर (पुरंदरच्या अंजिराला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी पुण्यात अर्ध्या लोकांना माहीत नाही). जेजुरीकडून संगमेश्वराचं देऊळ, कऱ्हेच्या काठावरचं. अत्र्यांच्या नावाचं सांस्कृतिक भवन गावात आहेच, ते पाटीवर नको यावर कसाबसा मामा तयार झाला.

पाटीचा रंगही अंजिराचाच घेतलाय, गडद जांभळट-तपकिरी, त्यावर मलई रंगाची अक्षरं. हिरवा आणि निळा मुद्दाम टाळला, हायवेच्या दिशादर्शक पाट्यांमधे हरवून जाईल. फ्लेक्स अजिबात नाही, एका पावसाळ्यात चिंध्या होतात. अॅल्युमिनियमच्या शीटवर रिफ्लेक्टिव्ह, मागे लोखंडी पाइपची फ्रेम, वारं भरपूर लागतं तिकडे म्हणून फाउंडेशन खोल.

राहिला वाढदिवसांचा प्रश्न. कितीही सुंदर पाटी करा, आठवड्यात तिच्यावर कोणाच्या तरी दादांचा गॉगल घातलेला फोटो येणार. त्यावर मी उपाय काढलाय, पाटीच्या अलीकडे पन्नास फुटांवर एक रिकामी लोखंडी फ्रेम उभी करायची, खास शुभेच्छांसाठी. कट्ट्यावर सगळे हसले, पण खर्चाच्या यादीत ती फ्रेम टाकलीये बरं का त्यांनी, आणि पहिलं बुकिंगही झालंय म्हणे.

नारायणपूरच्या बाजूचं चित्र अजून अडलंय. पुरंदर आणि वज्रगडाच्या जोडीची आउटलाइन करायचीये, पण नेटवर बघावं तर धुक्यातले नाहीतर वरून काढलेले फोटो. त्या रस्त्याने जाताना ही जोडी जशी दिसते तसा स्वच्छ फोटो कोणाकडे असेल तर पाठवा, उन्हाळ्यातला असला तर फारच छान.