झोपलेल्या मुलाचा रिपोर्ट

आजीनं पिशवीतून कागद काढला, तो लॅमिनेट केलेला. दोन वर्षांपूर्वीचा. 'दोन्ही कानांची श्रवणक्षमता सामान्य.' खाली माझीच सही.

"तुमीच लिवून दिलंय की मॅडम, कान चांगलं हायेत म्हनून. मग ह्यो बोलत का न्हाई?"

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येतं का ते तपासणारी. न बोलणारं मूल आधी माझ्याकडे येतं आणि ते बरोबरच आहे, बहिरेपण नाही याची खात्री आधी करायला हवी. पण दोन वर्षांच्या मुलाची बेरा तपासणी, म्हणजे कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत जाणारे संकेत टिपणारी तपासणी, करायची तर ते गाढ झोपलेलं लागतं. म्हणून आईला सांगतो, रात्री जागवा, येताना एसटीत डुलकी घेऊ देऊ नका. मग झोपेचं औषध, अंधारी खोली, कपाळावर आणि कानामागे जेल चोळून इलेक्ट्रोड. त्वचा नीट घासली नाही तर आलेखात नुसता कचरा येतो. या घासण्यात माझा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही. ९० डेसिबलच्या मोठ्या आवाजापासून उतरत उतरत ३० च्या हळू आवाजावरही पाचवी लहर, म्हणजे आवाज पोचल्याची आलेखातली खूण, स्वच्छ दिसली होती. तो देखणा आलेख मला अजून आठवतो. मुलाचा चेहरा आठवत नाही, कारण तो जागा असताना मी त्याला पाहिलंच नव्हतं. फॉर्मवर रकाने दोनच: उजवा कान, डावा कान.

आता तो सव्वाचार वर्षांचा, टक्क जागा. नावानं चार हाका मारल्या, ढोल बडवला. मान वळली नाही. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं आणि हा दाराकडे धावला. परत आला, माझं मनगट धरलं आणि माझा हात ऑडिओमीटरच्या गोल बटणावर नेऊन ठेवला. बोट दाखवलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. माझा हात म्हणजे जणू एखादी पक्कड. थोड्या वेळानं म्हणाला, "पाणी पाहिजे का?"

त्याला तहान लागली होती. आई विचारते तेच वाक्य, तिच्याच सुरात.

"बोलतोय की!" आजी हरखली. मला मात्र तिथंच कळलं, हा ऑटिझम.

आजीच्या मते मोबाइलनं वाटोळं केलं, म्हणजे मोबाइल देणाऱ्या सुनेनं. वडिलांचा राग दीड वर्षाच्या लसीवर, कारण 'मामा', 'काऊ' हे शब्द त्याच सुमारास गेले. मध्ये एका डॉक्टरांनी 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून परत पाठवलेलं. हे वाक्य सहीनिशी लिहून द्यायची सक्ती हवी.

लसीवर बोट ठेवणारा १९९८ चा निबंध अवघ्या १२ मुलांवरचा होता आणि तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानंच तो २०१० मध्ये मागे घेतला, हे सांगितलं. लसीचं वय आणि शब्द गळण्याचं वय एकच पडतं, एवढंच. मग ब्रिटनमधल्या जुळ्यांचा १९७७ चा अभ्यास सांगितला. एकसारख्या, म्हणजे जनुकंही सारखीच असलेल्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघंही ऑटिस्टिक, वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही ठिकाणी नाही. मूळ बरंचसं जनुकांत आहे, तेही एका जनुकात नाही.

"मग आमच्या घराण्यात कोन व्हतं असं?" आजीनं विचारलं, सुनेकडे बघत. एकेकाळी अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरही 'आईच थंड, म्हणून मूल असं' म्हणून मोकळे झाले होते. आजीला काय बोलणार?

इतका वेळ गप्प असलेली आई म्हणाली, "तो आठ महिन्यांचा होता तेव्हापासून मी सांगतेय, हा माझ्याकडे बघत नाही."

हे तिला त्या दिवशी मी विचारलं असतं तर? बेराला पाऊण तास लागला होता. तेवढा वेळ ती दाराबाहेर बाकावर बसून होती.

जुन्या रिपोर्टवरच पुढचं लिहावं म्हणून पेन टेकवलं. लॅमिनेशनवर शाई धरेना. कोरा कागद घेतला, बालविकास तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली, स्पीच थेरपीची तारीख घातली.

"ह्याला बी लॅमिनेशन करू का?" आजीनं विचारलं.

"नको. पुढच्या वेळी आणा. त्याच्यावर अजून लिहायचंय."