कढीपत्त्यातला वाटेकरी

आमच्या कोथरूडच्या गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी आहे. पोह्यांच्या फोडणीपुरती चार पाने घरची मिळावीत, एवढ्याच माफक अपेक्षेने ती आणली होती. यंदाच्या पावसाळ्यात एका सकाळी पाने खुडायला गेलो, तर दोन डहाळ्यांचे नुसते देठ उरले होते आणि शेजारच्या पानावर चिमणीची विष्ठा पडलेली दिसली. ती झटकायला काडी लावली, तोच विष्ठेने डोके वर उचलले, त्यातून इवलीशी दोन ओलसर शिंगे बाहेर आली आणि एक उग्र दर्प नाकात शिरला.

मी फवारणीची बाटली शोधत असतानाच वरच्या मजल्यावरचे काका आले. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसापुढे अळीची तक्रार करणे हा माझा अडाणीपणाच होता, कारण त्यांनी माझ्या पोह्यांची विचारपूस न करता आधी भिंग मागितले. ही ‘कॉमन मॉर्मन’ फुलपाखराची अळी असून तिला विष्ठेचे सोंग पक्ष्यांपासून वाचवते, असे त्यांनी सांगितले. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच तिला ‘पॅपिलिओ पॉलिटेस’ हे शास्त्रीय नाव दिले होते. इंग्रजी नाव मात्र एका नराभोवती अनेक रूपांच्या माद्या असतात म्हणून, बहुपत्नीत्वासाठी गाजलेल्या मॉर्मन पंथावरून पडले म्हणे. नाव ठेवण्याची हौस केवळ आपल्या पेठांतच आहे, हा माझा समज तेथे दूर झाला.

या माद्यांची गोष्ट अळीपेक्षाही नवलाची आहे. काही माद्या नरासारख्याच काळ्या, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेल्या असतात. इतर माद्या मात्र सापसंदाच्या कुळातील वेलींवर वाढणाऱ्या, म्हणून पक्ष्यांना विषारी असणाऱ्या फुलपाखरांचा तांबडा-पांढरा वेश घेतात. स्वतः निरुपद्रवी असूनही त्या अशा उसन्या दहशतीवर जगतात. हा वेश कोण ठरवते, याचा शोध फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. एरवी कीटकांमध्ये नर-मादीचा भेद घडवणारे ‘डबलसेक्स’ नावाचे एकच जनुक येथे मादीच्या पंखांचे रूपही ठरवते, हे त्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. मला चार पानांचा हिशेब सुटत नव्हता आणि त्याच पानांवर वाढणाऱ्या जीवाच्या पंखांचा हिशेब कुणी जनुकापर्यंत नेऊन भिडवला होता.

पुढे अळी कात टाकून हिरवीगार झाली आणि तिच्या मानेमागे डोळ्यांसारखे दोन ठिपके उमटले. मग एके दिवशी रेशमी धाग्याचा पट्टा कमरेला बांधून ती देठाला टेकली आणि तिचा कोष झाला. काका रोज सकाळी वहीत दोन ओळी लिहून जात. चहा मात्र आमच्याकडेच घेत.

बाराव्या दिवशी कोष फुटला आणि काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची साधी ओळ घेऊन फुलपाखरू बाहेर आले. हा नर की नराच्या वेशातली मादी, असे मी विचारले. काकांनी चष्मा पुसला, भिंग जवळ नेले, आणि तेवढ्यात ते उडून समोरच्या इमारतीपलीकडे गेले. काकांनी वहीत त्या जागी प्रश्नचिन्ह काढले. पोह्यांचा कढीपत्ता हल्ली मी भाजीवाल्या मावशींकडून कोथिंबिरीवर फुकट मागून आणतो.