लाल फुलीमागचं ॲक्सेस

आमच्या ग्रंथालयाची सगळी पुस्तकनोंद एका ॲक्सेस फाइलमध्ये आहे. ॲक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधला नोंदी साठवायचा प्रोग्राम. माझ्या आधीच्या बाईंनी ती २००८ पासून एकहाती भरत आणली. त्या निवृत्त झाल्या आणि फाइल माझ्याकडे आली. मी डबल-क्लिक केलं, तर विंडोजच मला विचारायला लागलं, ही फाइल कशात उघडू?

मशीनवर ऑफिस २०१० आहे. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट रोज वापरते. ॲक्सेस मात्र स्टार्ट मेनूत कुठेच दिसेना. सहकारी म्हणाला, "ताई, सगळं ऑफिस उडवा आणि नव्याने टाका." हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकला आहे की मला त्याची चीड येते. ऑफिस काढलं की पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की परत लागते. तो कागद कुणी जपून ठेवलेला असतो का? एका प्रोग्रामसाठी चालतं काम बंद पाडायचं, हे मला पटत नाही.

कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्राम्स अँड फीचर्स उघडलं, यादीत ऑफिसवर क्लिक केलं आणि वरचं 'चेंज' दाबलं. चार पर्याय आले. त्यातला पहिलाच 'ॲड ऑर रिमूव्ह फीचर्स'. पुढे झाडासारखी उलगडणारी यादी आली, आणि तिच्यात ॲक्सेस होतं! नावाआधीच्या चौकोनात लाल फुली. म्हणजे ॲक्सेस आपल्या ऑफिसमध्ये आहे, पण बसवताना कुणीतरी वगळलं. ही यादी आधी बघायची ती यासाठीच. नाव फुलीसह दिसलं तर काम होणार. नावच नसेल तर त्या आवृत्तीत तो प्रोग्राम मिळालेलाच नाही, कितीही वेळा नव्याने टाका. २०१० च्या होम अँड स्टुडंटमध्ये ॲक्सेस नसतं, प्रोफेशनलमध्ये असतं.

फुलीवर क्लिक करून 'रन ऑल फ्रॉम माय कॉम्प्युटर' निवडलं. 'ऑल' महत्त्वाचं, म्हणजे त्याखालचे सगळे भागही येतात आणि चौकोन पांढरा होतो. करडा राहिला तर काहीतरी सुटलंय. खाली 'ऑफिस शेअर्ड फीचर्स'मध्ये व्हिज्युअल बेसिकवर फुली नाही ना, तेही पाहिलं. बाईंनी फॉर्मवर केलेली बटणं त्याच्यावरच चालतात.

कंटिन्यू दाबल्यावर हिरवी पट्टी निम्म्यावर थांबली आणि डिस्क मागायला लागली. ऑफिस बसवताना 'एमएसओकॅश' नावाचा लपवलेला फोल्डर ड्राइव्हवर तयार होतो. पुढे काही जोडायचं झालं तर लागणाऱ्या फाइली त्यात असतात. मागे कुणीतरी जागा करायला तो उडवला असणार. कृपा करून तो फोल्डर पुसू नका. आमची डिस्क सुदैवाने कपाटात, जुन्या पावतीपुस्तकांखाली सापडली. ती घातली आणि पट्टी पुढे सरकली. प्रॉडक्ट की पुन्हा मागितली नाही.

नव्या लॅपटॉपवर ही वाट शोधू नका. ऑफिस २०१९ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये 'चेंज' दाबलं की फक्त दुरुस्तीचे दोन पर्याय येतात, फुल्यांची यादी येतच नाही. तिथे सगळे प्रोग्राम एकदमच बसतात. एखादा मुद्दाम वगळला असेल, तर डिप्लॉयमेंट टूलच्या, म्हणजे ऑफिस बसवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाच्या, कॉन्फिगरेशन फाइलमधली त्याला वगळणारी ओळ काढून सेटअप पुन्हा चालवावा लागतो. ते काम कार्यालयाची मशीन सांभाळणाऱ्याकडे द्यावं. मॅकवर तर ॲक्सेस मिळतच नाही. आणि कुठूनतरी सुटं ॲक्सेस आणून बसवणार असाल, तर आधीचं ऑफिस ३२-बिट आहे की ६४-बिट ते बघा. ऑफिसचे हे दोन प्रकार एका मशीनवर एकत्र नांदत नाहीत.

ऑफिस २०१० ला १३ ऑक्टोबर २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, म्हणून हे मशीन मी इंटरनेटला जोडत नाही. फाइलची प्रत रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेते.

मग फाइल उघडली. वर पिवळी पट्टी आली, 'एनेबल कंटेंट' दाबलं, आणि बाईंचा फॉर्म समोर आला. 'शेरा'च्या रकान्यात त्यांनी लिहून ठेवलं होतं : पान ४१ सुटं, जपून द्यावे.