करंगळी सोडून बाकीची बोटं

2023 च्या जुलैत एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि सेलूतल्या आमच्या सेवा केंद्रासमोर सकाळी सातलाच रांग लागू लागली. सातबारा, पासबुक, पीकपेऱ्याचं घोषणापत्र. गट नंबर टाका, क्षेत्र टाका, कागद चढवा, पुढचा. महिनाअखेरीला उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. त्याही रात्रीच. दोनच्या सुमाराला जाग यायची तर हात लाकूड झालेला. झटकला की उतरायचं.

आत्याबाई म्हणाल्या, "वात धरलाय, एरंडेल चोळून झोप." पंधरा दिवस चोळलं, पांघरुणाला वास तेवढा राहिला. मग एका सकाळी भाकरी थापताना पीठ बोटांना लागतंय की नाही तेच कळेना, आणि त्याच आठवड्यात दुधाचं पातेलं हातातून सुटलं. परभणी गाठली.

डॉक्टरांनी विचारलं, "करंगळीला येतात का मुंग्या?" अख्ख्या हाताला येतात, मी म्हटलं. "आज रात्री एकेक बोट दाबून बघा." अंधारात बसून बघितलं. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं बोट बधिर, अनामिका अर्धीच, करंगळी ठणठणीत! मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि सोबत एक नस. करंगळीची नस त्या बोगद्याबाहेरून जाते. मनगट वाकलं की आत दाब वाढतो, आणि झोपेत आपण हात दुमडूनच पडतो. या दुखण्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. सगळा दोष कॉम्प्युटरवर टाकू नका म्हणून शुगर, थायरॉइडही तपासलं, दोन्ही ठीक. नसेची तपासणी नांदेडला केली, करंटचे बारीक चटके देतात. दाब सौम्य निघाला. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसायला लागला असता तर ऑपरेशनची गोष्ट निघाली असती. अजूनही मी तो अधूनमधून चाचपते.

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. पहिले चार दिवस खाज सुटायची, झोपेत मीच काढून फेकायचे. तिसऱ्या आठवड्यात एकदाची सलग झोप लागली.

खरी गोम दुकानात होती. पोरानं बाजूनं माझा फोटो काढला: टेबल उंच, खुर्ची बुटकी, की-बोर्डचे मागचे पाय उभे, आणि मनगट नागाच्या फण्यासारखं वर. पाय मिटवले. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घातल्या, वर चवाळ्याची घडी. कोपर टेबलाच्या उंचीला आलं, माउस जवळ ओढला. साडेतीनशे रुपयांची मऊ गादी मनगटाखाली घेतली होती, ती वाया गेली; टाइप करताना मनगट टेकवायचंच नाही म्हणे. आता तिच्यावर पोरगा मोबाइल ठेवतो.

खुर्ची उंच झाल्यानं पाय लोंबकळायला लागले, म्हणून खाली दोन विटा ठेवल्या. पुढच्या आषाढीच्या सुमाराला विम्याला आलेले एक आजोबा वाकून बघत म्हणाले, "ताई, पांडुरंगावानी इटंवर पाय ठिवलेत की!"

"व्हय आजोबा. गट नंबर सांगा."