दार उघडं, बल्ब चालू

मायक्रोवेव्ह ओव्हन दुकानात आला तोच भांडण घेऊन. टेबलावर ठेवता ठेवताच सासूबाई म्हणाल्या, "हिने स्टीलची वाटी ठेवली आत. ठिणग्या उडाल्या, जळका वास सुटला. आता बघा, काही होतंय का त्याचं." सून मागे उभी होती, पाच-सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून. ती काहीच बोलली नाही. वाटी मात्र तिने पिशवीत घालून आणली होती. ती काढून माझ्यासमोर ठेवली आणि परत गप्प.

पुण्यात सिंहगड रस्त्याला माझं दुकान आहे. 19 वर्षं झाली, मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन, ओव्हन, सगळं येतं. ओव्हन घेऊन येणाऱ्या दहातले आठ जण एकच प्रश्न विचारतात, धातू चालतो का? या केसनंतर मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो, म्हणून हे लिहितोय.

ठिणगीची तक्रार आली की मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही, टॉर्च घेतो. भांडं भिंतीला लागून ठिणगी उडाली असेल तर भांड्याच्या काठाच्या उंचीवर रंगावर टिकली उमटते, मोहरीएवढी, मधोमध काळी, कडेने तपकिरी. काठावरही तसाच ठिपका सापडतो. वाटी फिरवून फिरवून पाहिली. काठ गोल वळवलेला, गुळगुळीत, एक डाग नाही. भिंतीवरही त्या उंचीला काही नव्हतं.

ओव्हनची आतली पेटी स्वतःच पत्र्याची असते हे लोकांच्या लक्षात येत नाही. दाराच्या काचेत जी जाळी दिसते तीही पत्र्याचीच. पदार्थ तापवणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरीची लांबी साधारण 12 सेंटिमीटर आणि जाळीची भोकं जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, म्हणून उजेड बाहेर येतो आणि लहर आतच राहते. धातू लहरीला परत फिरवतो, त्याच्यावरच तर हे यंत्र चालतं. ठिणगी पडते ती टोकामुळे, धारेमुळे, नाहीतर दोन धातूंमध्ये केसाएवढी फट राहिली म्हणून. काट्याचमच्याचे दाते, चुरगळलेली फॉइल, टी-बॅगची पिन, कपाची सोनेरी कड, ही खरी भांडणाची कारणं. गोल काठाची जाड वाटी मधोमध ठेवली तर बऱ्याचदा काहीच होत नाही. फक्त पदार्थाला उष्णता वरूनच मिळते, बाजूने नाही. आणि प्लेट फिरताना वाटी सरकून भिंतीजवळ गेली की मग होतं. म्हणून मी सगळ्यांना 'नकोच' सांगतो. पण त्या दिवशीचा गुन्हा वाटीचा नव्हता.

गुन्हा होता मायका शीटचा. आत उजव्या भिंतीवर पत्त्याच्या पानाएवढा करडा चौकोन असतो, तो. कित्येकांना तो पुठ्ठा वाटतो. त्याच्या मागून लहरी पेटीत येतात, आणि तुपाचे, फोडणीचे शिंतोडे मागे जाऊ नयेत म्हणून तो अभ्रकाचा पडदा लावलेला असतो. तो पुसायचा असतो हे कोणी सांगत नाही. तेल बसतं, तापतं, त्याचा कोळसा होतो, आणि कोळशातून वीज धावते. मग धातूचा एक कण आत नसतानाही फटाके सुरू. या ओव्हनच्या शीटला खालच्या कोपऱ्यात आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं. मी ते सासूबाईंना दाखवलं. म्हटलं, "काकू, हे महिना-दोन महिन्यांचं तेल आहे. एका दिवसात होत नाही. वाटीचा काही संबंध नाही." त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. सुनेने वाटी उचलून पिशवीत ठेवली.

इथवर साधं काम. मायकाची मोठी शीट मी तापकीर गल्लीतून आणून ठेवतो, जुन्याच्या मापाने कात्रीने कापायची, कोपऱ्यांची भोकं जुनं वर ठेवून पाडायची. पण शीट जळली असेल तर मागे मॅग्नेट्रॉनच्या, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाच्या, टोकावरची टोपी बघावीच लागते. अंगठ्याच्या नखाएवढी धातूची टोपी, तिला भोक पडलेलं असेल तर नवी शीटही आठवड्यात जळते. म्हणून तासाभराने या म्हणून सांगितलं आणि कव्हर उघडलं.

माझ्याकडे शिकायला एक मुलगा आहे. त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी पाठ करून घेतल्यात. आधी पिन काढायची, मग कपॅसिटर डिस्चार्ज करायचा, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकायची. ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्ट देतो, कपॅसिटर आणि डायोड मिळून ते चार हजारांच्या घरात नेतात, आणि पिन काढली तरी कपॅसिटर आपला साठा धरून बसलेला असू शकतो. टीव्हीवाले, फ्रिजवाले, सगळ्यांचे हात धीट असतात, ओव्हनने मात्र माणसं गेलेली आहेत. मुलाने डिस्चार्ज केला, मी टोपी पाहिली. टोपी शाबूत होती. तेवढ्यात तोच म्हणाला, "दादा, इथे स्विचची वायर अशी का आहे?"

दाराच्या मागे, कंट्रोल पॅनेलच्या आत, प्लास्टिकची एक पट्टी असते, लॅच बोर्ड. तिच्यावर तीन मायक्रोस्विच बसतात. दाराचे दोन आकडे आत शिरले की ते दाबले जातात. दोन स्विच दार उघडताच पुरवठा तोडतात. तिसरा मॉनिटर स्विच, आणि मला विचाराल तर अख्ख्या ओव्हनमधली सगळ्यात शहाणी वस्तू तीच. पहिल्या स्विचचे पॉइंट चिकटून बसले आणि दार उघडलं, तर हा मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. म्हणजे यंत्र स्वतः बंद पडेल, पण उघड्या दाराने चालणार नाही. ज्याने हे डोक्यातून काढलं त्याच्या पाया पडावं.

इथे लॅच बोर्डला तडा गेला होता. पट्टी मागे वाकत होती, स्विच पुरते दाबलेच जात नव्हते. अशा वेळी ओव्हन सुरूच होत नाही. आमच्या आधी कोणीतरी तो 'सुरू' करून दिला होता. दोन्ही स्विचच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या. मॉनिटरच्या वायरी काढून दोन्ही टोकं बंद केलेली.

टेस्टिंगला जंपर, म्हणजे स्विचला वगळून थेट जोडणारी वायर, आम्ही सगळेच लावतो. मी लाल वायर वापरतो, हातभर लांब, विसरायला होऊ नये म्हणून. हा तसा विसरलेला जंपर नव्हता. सोल्डर चकचकीत, कुठे गोळा नाही. जोडावर स्लीव्ह चढवून तापवून बसवलेली. वर केबल टाय, आणि टायचं शेपूट कापलेलं. मॉनिटरच्या सुट्या टोकांनाही वेगवेगळी स्लीव्ह. गलिच्छ काम असतं तर मी शिवी देऊन पुढे गेलो असतो. हा हात चांगला होता. मॉनिटर काढल्याशिवाय दार उघडताच फ्यूज उडतो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच तो काढायचं सुचतं, आणि ज्याला ते माहीत आहे त्याला तो कशासाठी असतो हेही माहीत असतं.

तरी खात्री केली. ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटच्या दोन वायरी काढल्या आणि त्यांना 100 वॅटचा बल्ब जोडला. मॅग्नेट्रॉन आता पूर्ण सुटा. दार लावलं, नॉब फिरवला, बल्ब लागला. दार उघडलं. बल्ब लागलेलाच राहिला. प्लेट फिरत होती, पंखा चालू होता. मुलाने नकळत हात मागे घेतला.

तासाने सूनबाई एकट्याच आल्या. मी बल्ब तसाच ठेवला होता, त्यांना दाखवला. मग विचारलं, "ताई, दार उघडल्यावर हा बंद पडायचा का?"

"नाही ना. रिपेअरहून आल्यापासून नाही पडत. त्यांनी सांगितलं होतं, आधी नॉब शून्यावर आणायचा. मला गॅसची सवय आहे, आधी बटण बंद करूनच झाकण काढते." मग थांबून म्हणाल्या, "दोन-तीनदा घाईत उघडला तसाच. दूध उतू जात होतं. हाताला वाफ लागली." आणि मग, "मुलगी पण उघडते कधीकधी. काही झालं असेल का?"

एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाने विचारलेल्या एवढ्याच एका प्रश्नाला मी दुकानाच्या आत जाऊन पाणी पिऊन आलो. मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. या लहरी अंगात साठून राहत नाहीत. ओव्हन बंद, की त्या संपल्या. हा एक्स-रे नाही. त्या तापवतात, बाकी काही नाही, आणि भाजलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. फक्त डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, तिथली उष्णता वाहून जात नाही, म्हणून जोरात तापलं तर मोतीबिंदूची भीती असते. तुमचं आणि मुलीचं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा तपासून घ्या, मला बरं वाटेल. त्यांनी मान हलवली. मी धीर दिला की घाबरवलं, तेच मला अजून ठरवता येत नाही. मुलगी किती वेळा उघडत होती, किती वेळ समोर उभी राहत होती, हे त्यांनाही सांगता आलं नाही आणि मला परत विचारायचा धीर झाला नाही.

लॅच बोर्ड चार दिवसांनी येणार होता. संध्याकाळी त्यांच्या मिस्टरांचा फोन आला. "आधीच्याने त्याच दिवशी दिला होता. तात्पुरता चालू करून द्या, पार्ट आला की बसवा." मी म्हटलं, देणार नाही. ते चिडले. त्यांचंही चुकत नाही, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. माझा राग वेगळाच आहे. शे-दीडशे रुपयांची प्लास्टिकची पट्टी मिळवायला चार दिवस लागतात, कधी पंधरा लागतात, कधी 'मॉडेल बंद झालं' असं उत्तर येतं. कंपन्या नवं मॉडेल दर वर्षी काढतात आणि आकडे दोन मिलिमीटर इकडे-तिकडे करून ठेवतात, जुनी पट्टी बसू नये अशी. मग जंपर लावणारे हात तयार होतात.

आधीच्या मेकॅनिकचा नंबर मी त्यांच्याकडून घेतला. दोन दिवस लावला नाही. मग लावला. माणूस आवाजावरून माझ्याच वयाचा. मी ओळख दिली, स्विचचं सांगितलं. त्याने नाकारलं नाही. म्हणाला, "पार्ट मिळत नव्हता. नॉब आधी बंद करायला सांगितलं होतं की मी." म्हटलं, "घरात लहान मूल आहे." तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मूल आहे हे मला कुठे माहीत?" आणि फोन ठेवला. एवढं सुबक सोल्डर करणाऱ्या माणसाने घरात कोण कोण आहे हे विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तोवर मीही कधी कोणाला विचारत नव्हतो.

पट्टी आली. तिन्ही स्विच नवे घातले, जुने ठीक होते तरी. बल्ब लावून वीस वेळा दार उघडझाप केली. मग ट्रान्सफॉर्मर जोडून लीकेज मीटर, म्हणजे बाहेर गळणाऱ्या लहरी मोजणारं यंत्र, दाराच्या चारी कडांवरून आणि बिजागरीवरून हळूहळू फिरवला. 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅटपर्यंत चालतं, इथे काटा जागचा हललाच नाही. शेवटी पाण्याची टेस्ट. एक लिटर पाणी, एक मिनिट, जितके अंश वाढतील त्याला 70 ने गुणायचं. 9 अंश वाढलं, म्हणजे 630 वॅट. 700 च्या जुन्या ओव्हनला ते उत्तमच.

न्यायला सासू-सून दोघी आल्या. मी कपात पाणी ठेवून म्हटलं, "ताई, चालू करा आणि नॉबला हात न लावता दार उघडा." त्यांनी नॉब फिरवला, पण दाराला हात लावेनात. सासूबाईच पुढे झाल्या आणि त्यांनी दार ओढलं. खट् झालं, प्लेट थांबली, पंखा थांबला. सूनबाईंनी दार लावलं आणि परत उघडलं. परत लावलं, परत उघडलं. मुलगी म्हणाली, "मी, मी." आईने तिचा हात घट्ट धरून ठेवला.