सोळा सेंटिमीटरची काळी-पिवळी

मी कोल्हापुरातील एका फाउंड्रीसाठी चौतीस वर्षे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून ओतकामाचे साचे घेतात ते नमुने, बनवले आणि निवृत्तीनंतर छोट्या प्रमाणातील मोटारींच्या प्रतिकृती करू लागलो. सुरुवातीला जपानी किट जोडल्या. त्यांतील प्लास्टिकचे भाग इतके नेमके असतात की सांगितलेल्या क्रमाने जोडत गेल्यास गाडी आपोआप उभी राहते. परंतु मला जी गाडी करायची होती, तिची माझ्या मनासारखी किट मला कोठे मिळाली नाही. ती गाडी म्हणजे माझ्या मामांची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी. भुदरगड तालुक्यातून मुंबईला गेलेल्या मामांनी उभे आयुष्य टॅक्सी चालवली आणि टॅक्सीच्या वयाची मर्यादा २०१३ मध्ये पंचवीसवरून वीस वर्षांवर आली, तेव्हा त्यांची गाडी भंगारात गेली. पुढे २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीचीही वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. ती बातमी वाचली त्याच आठवड्यात मी कामाला लागलो.

प्रमाण १:२४ ठरवले. या प्रमाणात एका फुटाचा अर्धा इंच होतो, आणि काच, चाके, मीटर हे सर्व हाताने करण्याजोगे राहते. गाडी मोजण्यासाठी आमच्या गल्लीपलीकडील एका गृहस्थांनी आपली झाकून ठेवलेली पद्मिनी दोन रविवार मोकळी करून दिली. ती खासगी गाडी होती आणि मामांच्या गाडीपेक्षा जुनी होती, पण त्याने फारसे बिघडत नव्हते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून निघणारी फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ नंतर पद्मिनी या नावाने विकली गेलेली गाडी यांचा सांगाडा मुळात एकच आहे. जाळी, दिवे, पट्ट्या अशा वरवरच्या गोष्टी तेवढ्या बदलत गेल्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर २३४० मिमी, म्हणजे प्रतिकृतीत साडेसत्त्याण्णव. गाडीची पूर्ण लांबी चार मीटरला थोडी कमी, म्हणजे प्रतिकृती सोळा सेंटिमीटरच्या किंचित वर जाते.

लांबी-रुंदी मोजणे सोपे असते. कठीण असते ती वक्रता. मी गाडीच्या मध्यरेषेवर एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी आडवी बांधली, दर दहा सेंटिमीटरवर पट्टीपासून पत्र्यापर्यंतची उंची मोजली आणि प्रत्येक आकड्याला चोवीसने भागून आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले. मडगार्ड आणि डिकीच्या कडांसाठी डाखाची मऊ तार पत्र्यावर दाबून तिचा आकार कागदावर उतरवला. छायाचित्रे मात्र पहिल्या रविवारी चुकीची घेतली गेली. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो, त्यामुळे त्यावरून माप घेता येत नाही. दुसऱ्या रविवारी पंधरा-वीस पावले मागे जाऊन, कॅमेरा चाकाच्या मध्याइतका खाली धरून आणि झूम करून काढलेले फोटो पुढे वर्षभर उपयोगी पडले. प्रतिकृती करू इच्छिणाऱ्या कोणालाही मी सर्वांत आधी हेच सांगतो.

साच्यासाठी शिवणीचे लाकूड घेतले, कारण ते हलके असते, पटाशीखाली सरळ कापले जाते आणि फारसे वाकत नाही. या लाकडावर तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा ओढून घ्यायचा आणि थंड झाल्यावर गाडीचे अखंड शरीर साच्यावरून उतरवायचे, अशी माझी योजना होती. येथे माझ्या व्यवसायाची सवय एकदा आडवी आली. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आखडते, म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करायचा असतो. इथे नेमके उलटे होते. प्लास्टिकचा पत्रा साच्याच्या बाहेरून बसत असल्याने साचा पत्र्याच्या जाडीइतका लहान हवा. पहिला साचा मी पूर्ण मापाचा केला आणि त्यावरून निघालेली गाडी रुंदीला जवळपास दोन मिलिमीटर जास्त भरली. दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत पावणेपाच सेंटिमीटर. पद्मिनीचे अंग मुळात सडपातळ आहे, तेवढ्यानेही ती दुसरीच कोणती तरी गाडी वाटू लागली. तो साचा बाजूला ठेवून मी दुसरा करायला घेतला.

दुसरी अडचण मात्र त्याच व्यवसायाने सोडवली. पद्मिनीच्या बाजू दारांच्या मधल्या उंचीवर बाहेर येतात आणि खाली पुन्हा आत वळतात. अशा आकाराच्या साच्यावर पत्रा बसतो, पण थंड झाल्यावर साचा बाहेर निघत नाही. फाउंड्रीत असा प्रसंग आला की आम्ही पॅटर्नला सुटा तुकडा देतो. त्याच रीतीने मी साचा लांबीतून तीन भागांत कापला, मधला भाग खालच्या बाजूला रुंद आणि वर निमुळता ठेवला आणि तिन्ही भाग डोवेलवर, म्हणजे छोट्या खुंट्यांवर, बसवले. पत्रा बसल्यावर मधली पाचर खालून ओढायची, मग दोन्ही बाजू आत कलतात आणि अलगद सुटतात. हे पहिल्यांदा जमले, त्या संध्याकाळी मी ते शरीर हातात घेऊन बराच वेळ नुसता बसून होतो.

पत्रा तापवण्यासाठी जुना ओव्हन घेतला. तो फक्त याच कामाचा, स्वयंपाकाशी त्याचा संबंध ठेवू नये. दीड मिलिमीटरचा हाय इम्पॅक्ट स्टायरिन या प्लास्टिकचा पत्रा प्लायच्या चौकटीत सर्व बाजूंनी आवळून आत ठेवला की तो आधी सुरकुततो, मग ताठ होतो आणि त्यानंतर मध्यभागी झोळीसारखा खाली येतो. हा शेवटचा क्षण ओळखता यायला मला सहा पत्रे घालवावे लागले. भोके पाडलेल्या लाकडी पेटीला घरातील व्हॅक्यूम क्लीनर जोडलेला असतो. झोळी पडताच चौकट साच्यावर दाबायची आणि यंत्र सुरू करायचे, पुढचे काम तीन-चार सेकंदांत होते. साच्याखाली पंधरा मिलिमीटरचा ठोकळा न दिल्यास खालची कड गोल येते, आणि समोरच्या जाळीच्या खाचेत बारीक भोके न पाडल्यास तिथे हवा अडकून पत्रा खाचेत उतरत नाही. टप साच्याला सर्वांत आधी टेकतो, म्हणून तिथे पत्रा जाड राहतो आणि बाजू ताणल्या जाऊन पातळ होतात. दारे कापून उघडती करण्याचा विचार मी त्यामुळे सोडून दिला.

या पद्धतीत धारदार कडा येत नाहीत. मागच्या मडगार्डवरचे ते छोटे पंख, दिव्यांभोवतीच्या कडा आणि बॉनेटच्या मधली उभार रेषा या सर्व गोष्टी पत्र्याचे काप चिकटवून, पुट्टी भरून आणि पॉलिश पेपरने घासून पुन्हा घडवाव्या लागल्या. दारांच्या फटी कोरताना पात्याची पाठ वापरली, कारण धारेने कापल्यास प्लास्टिक दोन्ही बाजूंना उचलले जाते, तर पाठीने ओढल्यास त्याची बारीक साल निघते.

चाकांचा हिशेब मला फार आवडला. पद्मिनीचा टायर ५.२०-१४ मापाचा, चोवीसने भागल्यास रिम पंधरा मिलिमीटरच्या किंचित आत आणि टायरची जाडी साडेपाच मिलिमीटर येते. हायड्रॉलिकचे सामान विकणाऱ्या दुकानात जवळजवळ याच मापाची रबरी ओ-रिंग मिळाली. लेथवर फिरवून तिचा बाहेरचा गोलवा थोडा सपाट केला आणि अॅल्युमिनियमच्या रिमवर चढवली. समोरची जाळी पितळेच्या पट्ट्या डाख देऊन जोडली आणि निकेल करून आणली. टपावरचे कॅरिअर ०.८ मिमी पितळी तारेचे आहे. त्यात मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण गणपतीला गावी येताना मामा त्याच कॅरिअरवर ट्रंका, वळकट्या आणि एकदा तर शिवणयंत्रही बांधून आणत, आणि ते कॅरिअर एका कोपऱ्यात थोडे खाली दबलेले होते. तो दाब मी तसाच ठेवला आहे.

आता रंगाविषयी. प्रतिकृतीसाठी बनवलेले फवाऱ्याचे डबे ज्वलनशील असल्याने विमानाच्या टपालाने येत नाहीत, म्हणून मी मोटारींना रंग देणाऱ्यांच्या दुकानातून एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आणला. त्यातील थिनर स्टायरिनला खातो. जाड हात दिला तर पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे उमटते, म्हणून प्रायमरचे चार-पाच अगदी कोरडे, धुक्यासारखे हात देऊन आधी आवरण तयार करावे लागते. आधी पांढरा, त्यावर पिवळा आणि शेवटी काळा हा क्रम ठेवला, कारण पिवळ्या रंगाची झाकण्याची ताकद कमी असते. टपाची कड झाकण्यासाठी चिकटपट्टी काचेवर लावून तिची नवी कड कापून घेतली, आणि ती गाडीवर लावल्यावर काळ्याआधी पुन्हा एकदा पिवळाच फवारला. पट्टीखाली जो काही रंग शिरायचा तो पिवळाच शिरतो आणि फट बंद होते. त्यानंतरची काळ्याची रेषा सुरीने कापल्यासारखी येते.

हे सर्व मी जुलै २०२४ मध्ये केले आणि तीच माझी सर्वांत मोठी चूक ठरली. बाहेर पंचगंगेला पूर आला होता, घरात कपडे वाळत नव्हते, आणि मी काळा रंग मारला. पाच मिनिटांत संपूर्ण गाडीवर राखेसारखा पांढरट पडदा आला. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील पाणी त्यावर धरते, हे मला पुस्तकी रीतीने माहीत होते. परंतु आठ महिन्यांच्या कामानंतर थांबण्याचा धीर राहिला नव्हता. घासून काढताना दोन दारांच्या कोरलेल्या रेषा भरून गेल्या आणि टपाच्या कडेला पिवळ्याखालचा पांढरा उघडा पडला. त्यानंतर मी गाडी डब्यात बंद केली आणि थेट दिवाळीनंतर, सकाळचे ऊन आत आल्यावर, पुन्हा फवारा हातात घेतला. त्या वेळी काळ्यात पांढऱ्याचे अगदी दोन थेंब टाकले. इतक्या लहान वस्तूवर शुद्ध काळा रंग भोकासारखा दिसतो; किंचित फिका केल्यावर तो लांबून पाहिलेल्या खऱ्या गाडीसारखा दिसू लागला. पंधराशे आणि दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, आणि शेवटी कंपाउंडने झिलई आणली. पण आरशासारखी नाही. मामा रोज सकाळी फडक्याने गाडी पुसत, तिची चमक वेगळी होती.

शेवटी आतले काम राहिले. पुढे एकसंध लांब सीट, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि बाहेर डाव्या बाजूला बसवलेला यांत्रिक मीटर. भाडे मिळाले की मामा उजवीकडून संपूर्ण सीटवर आडवे होऊन डाव्या खिडकीतून हात बाहेर काढत आणि तो मीटर पाडत, म्हणजे त्याची उभी पाटी खाली करत. लहानपणी मधे बसलो असेन तर त्यांचा हात माझ्या डोक्यावरून जात असे. तो मीटर मी पितळेच्या तुकड्यातून कानशीने घडवला आणि त्याची लाल पाटी वेगळी करून डाखाने पक्की केली. माझ्या मते संपूर्ण प्रतिकृतीत तोच भाग सर्वांत चांगला झाला आहे.

डिसेंबरमध्ये गाडी घेऊन मी गारगोटीला गेलो. मामांचे वय आता ८३ आहे, डोळ्यांना कमी दिसते, म्हणून त्यांनी ती खिडकीपाशी नेली. कॅरिअरच्या दबलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले, मागचे पंख चाचपले, आणि मग बराच वेळ डाव्या बाजूला पाहत राहिले.

“आरं, मीटर पाडलायस न्हवं?” ते म्हणाले. “मग गिऱ्हाईक कुठं हाय?”

मी मागच्या सीटकडे पाहिले. ती रिकामी होती. बालपणापासून मला मीटर पडतानाच आठवत होता, म्हणून पाटी मी तशीच खाली बसवली होती. मामांनी गाडी परत माझ्या हातात दिली आणि हाताने दाखवले, पाटी उभी पाहिजे, गाडी मोकळी आहे. रंगवलेल्या शरीराजवळ पुन्हा डाख तापवणे शक्य नव्हते, म्हणून घरी आल्यावर मी मीटर खालच्या खिळीसकट उपटून काढला, जुना सांधा बारीक करवतीने कापला आणि अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडून पाटी तारेवर बसवली. आता ती फिरते. पुढच्या खेपेला मामांना ती स्वतःच्या बोटाने उभी करता येईल.